धुरी दिली म्हणजे फायटो मिळते का? डाळ आणि बियाणे परदेशी पाठवण्यापूर्वी

जालना जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नच्या एका भारतीय किराणा व्यापाऱ्याला तूरडाळ आणि काबुली हरभरा यांचा एक कंटेनर हवा आहे. त्याच वेळी कंपनीचे काही सभासद देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये संकरित टोमॅटोचे बियाणे तयार करतात आणि ते नेदरलँड्सच्या एका कंपनीला पाठवण्याचे ठरत आहे. एजंटाने सांगितले आहे की, ‘मालाला धुरी दिली की दोन दिवसांत फायटो हातात पडते, काळजी करू नका.’ (धुरी म्हणजे मालातले किडे मारण्यासाठी सोडलेला विषारी वायू, आणि फायटो म्हणजे निर्यातीसाठी लागणारे सरकारी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र.) हे खरे आहे का, आणि तयारी कधीपासून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

एजंटाचे म्हणणे डाळीच्या बाबतीत अपुरे आहे आणि बियाण्याच्या बाबतीत चूक आहे. निर्यातीच्या मालाची तपासणी आणि कागदपत्रे यांतच माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो की, अडकलेल्या बहुतेक मालात धुरी दिलेली होतीच. अडचण दुसरीकडेच होती.

प्रथम या कागदाचा अर्थ नीट समजून घ्यावा. व्यापारात ज्याला आपण नुसते ‘फायटो’ म्हणतो, ते वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र म्हणजे एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारला दिलेला शब्द असतो. 1951 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने त्याचा नमुना ठरवून दिला आणि त्यात पुढे सुधारणा होऊन आजही जगभर त्याच कराराचा नमुना वापरात आहे. आपल्याकडे ही जबाबदारी केंद्राच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाची आहे. त्याचे मुख्यालय फरीदाबादला असून मुंबईला त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याखेरीज केंद्राने अधिसूचित केलेले राज्यांच्या कृषी खात्यांतील अधिकारीही हे प्रमाणपत्र देऊ शकतात. त्यावरील मुख्य विधान असे असते की, माल विहित पद्धतीने तपासला किंवा चाचणी केला आहे, आयात करणाऱ्या देशाने नमूद केलेल्या संगरोध (क्वारंटाइन) किडींपासून, म्हणजे त्या देशाला आत येऊ द्यायच्या नाहीत अशा किडींपासून, तो मुक्त असल्याचे मानले आहे आणि त्या देशाच्या आजच्या वनस्पती आरोग्यविषयक अटींना तो उतरतो. या वाक्यातले ‘त्या देशाच्या’ हे शब्द लक्षात ठेवावेत. आपल्या अधिकाऱ्याला माल कितीही चांगला वाटला तरी मोजमाप मेलबर्नचे किंवा रॉटरडॅमचे लागते. म्हणून कामाची सुरुवात धुरीपासून होत नाही. त्या देशाची अट लेखी स्वरूपात समोर ठेवणे हे पहिले काम आहे.

ऑस्ट्रेलियाच्या अटी त्यांच्या सरकारच्या ‘बायकॉन’ या संगणकीय यंत्रणेवर पिकानुसार आणि वापरानुसार कोणालाही पाहता येतात. आपल्या खरेदीदाराकडून त्या पानाची सौदा ठरण्याच्या तारखेची प्रत मागून घ्यावी आणि माल निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावी. ज्या देशांत आयात परवाना लागतो तिथे परवान्याची प्रत आधी हाती येऊ द्यावी, मगच माल भरायला घ्यावा. ‘आमच्याकडे काही लागत नाही, तुम्ही पाठवा’ असे खरेदीदाराने फोनवर सांगितले, यावर कोणीही विसंबू नये.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत या सगळ्याच्या मुळाशी एकच किडा आहे. तो म्हणजे खापरा भुंगेरा. मूळचा तो आपल्याच भागातला मानला जातो. जेमतेम तीन मिलिमीटरचा हा भुंगेरा स्वतः उडत नाही आणि फार दिवस जगतही नाही. खरी पीडा त्याच्या केसाळ अळीची. अन्न मिळाले नाही किंवा हवामान प्रतिकूल झाले तर ही अळी भिंतीच्या भेगेत, लाकडाच्या सांध्यात किंवा पोत्याच्या शिवणीत शिरून सुप्तावस्थेत जाते आणि तशी वर्षानुवर्षे टिकते. अतिशय कोरड्या धान्यातही ती वाढते, त्यामुळे ‘आमचा माल खडखडीत वाळलेला आहे’ हा बचाव इथे चालत नाही. सुप्तावस्थेतील अळीला नेहमीच्या मात्रेचा विषारी वायूही पुरा पडत नाही. अमेरिकेत 1953 साली कॅलिफोर्नियात हा किडा सापडल्यावर त्याच्या निर्मूलनासाठी पुढची कित्येक वर्षे गोदामेच्या गोदामे ताडपत्रीने झाकून धुरी द्यावी लागली होती. ऑस्ट्रेलिया स्वतः गहू आणि हरभरा निर्यात करणारा देश आहे. हा किडा तिथे रुजला तर त्यांच्या बाजारपेठा बंद होतील. म्हणून 2020 पासून त्यांनी हरभरा, तूर, मसूर, मूग, गहू, तांदूळ, जिरे, धणे अशा वस्तूंना जास्त धोक्याच्या यादीत घातले आणि व्यापारी मालासाठी टप्प्याटप्प्याने अटी कडक केल्या. सिडनी-मेलबर्नला मुलांकडे जाताना बॅगेत तूरडाळीची पिशवी घालणाऱ्या आईवडिलांनाही हा नियम लागू आहे. प्रवाशांच्या सामानातून या वस्तू नेण्यास बंदी आहे. घरातली डाळ स्वच्छ आहे, हे सांगून तिथे सुटका होत नाही.

आपल्या फायटोवर या किड्याविषयी अतिरिक्त घोषणा लागेल. प्रातिनिधिक नमुने तपासले असता त्यांत या किड्याच्या प्रजातीची कोणतीही खूण आढळली नाही, असा तिचा आशय असतो. खूण याचा अर्थ जिवंत किडा, मेलेला किडा किंवा त्याने टाकलेली कात, यांपैकी काहीही. धुरीने किडे मरतात, हे खरे. मेलेले किडे आणि त्यांच्या काती मात्र धुरीने नाहीशा होत नाहीत. धुरी आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टींत हे अंतर आहे.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी उरणजवळच्या एका गोदामात हरभऱ्याची थप्पी तपासत होतो. धुरी रीतसर झालेली होती, धुरी देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र समोर होते. पोकळ सळई खुपसून पोत्यांतून काढलेला हरभरा चाळला तर तोही स्वच्छ निघाला. सोबतच्या तरुण अधिकाऱ्याने मात्र थप्पीच्या कडेचे एक पोते आडवे घेतले, शिवणीची घडी बोटाने उलगडली आणि खाली पांढरा कागद धरून पोत्यावर चापट मारली. कागदावर तपकिरी, केसाळ, तांदळाच्या कणीएवढी एक कात पडली. दुसऱ्या पोत्यातून तीन पडल्या. हरभरा नवा होता, बारदान मात्र जुने होते, आदल्या वर्षी गव्हासाठी वापरलेले. पोत्यामागे वाचवलेल्या काही रुपयांपायी अख्खा लॉट नाकारला गेला. नवे बारदान घेऊन, माल पुन्हा साफ करून, दुसऱ्या गोदामात हलवून पुन्हा तपासणी होईपर्यंत जहाज निघून गेले होते. त्या अधिकाऱ्याच्या कामाबद्दल मला तेव्हाही आदर वाटला आणि आजही वाटतो. ती कात मेलबर्नच्या बंदरात सापडली असती तर माल परत आला असता किंवा नष्ट केला गेला असता, आणि आपल्या देशाच्या शब्दाची किंमत कमी झाली असती, ते वेगळेच.

म्हणून डाळमिलपासून सुरुवात करा. निर्यातीचा माल ठेवण्याची खोली वेगळी असावी, तिच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवलेल्या असाव्यात, जुने बारदान आणि झाडलोटीचा गाळ तिथे नसावा. पिशव्या कोऱ्या वापरा. थप्पी भिंतीपासून माणूस फिरू शकेल इतकी दूर लावा, म्हणजे चारही बाजूंनी तपासणी होईल. काबुली हरभऱ्यात मातीचे खडे आणि तणांचे बी येते, ते चाळणी आणि दगड वेगळे करणारे यंत्र लावून काढा. एका परक्या तणाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर इथे शिरले असे मानले जाते. आज बांधावर उभे राहून त्याची बीजे मोजणेही अशक्य आहे.

आता धुरीविषयी. आपल्याकडे मुख्यतः दोन वायू वापरले जातात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन स्वस्त पडतो, पण त्याला वेळ लागतो. सहसा पाच ते सात दिवस, थंडीत त्याहून अधिक. ताडपत्रीच्या कडेला वाळूच्या पिशव्या नीट न लावता तिसऱ्या दिवशीच थप्पी उघडली तर किडे मरत नाहीत, उलट त्या वायूला दाद न देणाऱ्या पिढ्या तयार होतात. मिथाइल ब्रोमाइड झपाट्याने काम करतो. ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो म्हणून माँट्रियल करारान्वये त्याचा इतर वापर थांबवला गेला, पण संगरोध आणि निर्यातपूर्व उपचार यांसाठी त्याला सूट आहे. हा वायू मान्यताप्राप्त संस्थेनेच द्यायचा असतो, आणि कोणती मात्रा हे आपण ठरवायचे नसते. लाकडी पॅलेटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात 21 अंश तापमानाला दर घनमीटर 48 ग्रॅम आणि 24 तास पुरतात. खापऱ्यासाठी ऑस्ट्रेलिया 80 ग्रॅम आणि 48 तास मागते. धुरी देणाऱ्याला नुसते ‘निर्यातीचा माल आहे’ असे सांगितले तर तो सवयीने पहिली मात्रा देऊन मोकळा होण्याची शक्यता असते. अट लेखी द्या, वायूच्या मोजणीच्या नोंदी मागा, आणि उपचारानंतर किती दिवसांत माल निघाला पाहिजे तेही पाहून घ्या.

एक चूक किराणा मालात वारंवार होते. एक किलोच्या छापील प्लॅस्टिक पिशव्यांत डाळ भरून, खोक्यांत घालून, कंटेनर बंद केल्यावर धुरी दिली जाते. त्या पिशव्यांतून वायू आत शिरत नाही. अशा मालावर दिलेली धुरी ही डाळीला दिलेली धुरी नव्हे. उपचार आधी, पॅकिंग नंतर, किंवा मग वायू जाऊ देणारे पॅकिंग, असाच क्रम हवा. रिकामा कंटेनरही भरण्यापूर्वी आतून पाहावा. तळाच्या फळ्यांच्या फटीत आधीच्या मालाचे दाणे अडकलेले असतात. भारतात भरून ऑस्ट्रेलियाच्या ठराविक भागांत जाणाऱ्या काही कंटेनरांना तर निघण्यापूर्वी कंटेनरचा वेगळा उपचारही बंधनकारक आहे. आपला कंटेनर त्यात बसतो का, हे एजंटाकडून लेखी घ्या.

डाळीची ही सगळी तयारी मन लावून केली तर तीन-चार आठवड्यांत होते. बियाण्याचे तसे नाही, आणि आपल्या प्रश्नातला खरा धोका तिथेच आहे.

वनस्पती आरोग्याच्या दृष्टीने धान्य आणि बियाणे यांतला फरक दाण्यात नसून वापरात असतो. तोच हरभरा खाण्यासाठी गेला तर शिजतो आणि त्याच्यातला बुरशीचा किंवा विषाणूचा अंश तिथेच संपतो. पेरण्यासाठी गेला तर तो अंश दुसऱ्या देशाच्या जमिनीत उगवतो. म्हणून पेरणीच्या मालाला सर्वांत कडक अटी असतात आणि त्यांतल्या बहुतेक अटी किडीविषयी नसून रोगांविषयी असतात. बियाण्याच्या आतल्या विषाणूला धुरीने काहीही होत नाही. उलट दाण्यात ओलावा अधिक असेल तर मिथाइल ब्रोमाइडने उगवणच मार खाते. म्हणून आयात करणाऱ्या देशाने स्पष्ट मागितल्याशिवाय बियाण्याला तो वायू देऊ नये, आणि द्यायचाच झाला तर आधी थोड्या बियाण्यावर देऊन उगवण तपासून घ्यावी.

युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून नवे वनस्पती आरोग्य नियम लागू आहेत आणि टोमॅटोच्या बियाण्याला फायटो लागतेच. टोमॅटो आणि मिरची यांच्यासाठी त्याच वर्षी एका विषाणूविरुद्ध तातडीचे उपाय आले. त्याचे नाव टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस, प्रयोगशाळांत त्याला टीओबीआरएफव्ही म्हणतात. 2025 पासून युरोपाने त्याला संगरोध रोगांच्या तातडीच्या चौकटीतून काढून ‘नियंत्रित पण संगरोधबाह्य’ या वर्गात टाकले. याचा अर्थ अट संपली असा कोणी घेऊ नये. लागवडीच्या साहित्यासाठी ती कायमच आहे, आणि फायटोच्या मुख्य विधानातच या वर्गाचा उल्लेख असतो. याशिवाय पेपिनो मोझॅक विषाणू, बटाट्यावरील स्पिंडल ट्यूबर विरॉइड (विरॉइड म्हणजे विषाणूहूनही साधा रोगकारक) आणि टोमॅटोचा जिवाणूजन्य कँकर यांच्याही अटी टोमॅटो बियाण्याला आहेत.

हा ब्राऊन रुगोज विषाणू स्पर्शाने पसरतो, आणि आपल्या शेडनेटमधले काम हे सगळे स्पर्शाचेच आहे. बाया एकेका फुलाचे पुंकेसर चिमट्याने काढतात आणि नंतर बोटाने किंवा अंगठीने परागकण लावतात. एक बाई दिवसात शेकडो फुलांना हात लावते आणि दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या शेडनेटवर कामाला असते. एका झाडावरचा विषाणू तिच्या बोटांवरून, चिमट्यावरून आणि पदरावरून पुढच्या झाडावर जाऊ शकतो. यात त्या बाईचा काही दोष नाही. तिला साबण, पाणी, शेडनेटचा स्वतंत्र अंगरखा आणि निर्जंतुक केलेला चिमटा देणे हे कंपनीचे काम आहे. शेडनेटच्या दारात पाय बुडवण्याचे पसरट भांडे ठेवा आणि कामाची माणसे शक्यतो एकाच शेडनेटला बांधून द्या.

प्रयोगशाळेतील चाचणीसाठी लॉटमधून 3000 बिया का घेतल्या जातात, असे अनेक जण विचारतात, कारण संकरित बियाणे ग्रॅमच्या भावाने विकले जाते आणि तेवढे बी देणे जिवावर येते. त्यामागे साधे गणित आहे. हजारात एक बी रोगट असेल आणि ते नमुन्यात सापडण्याची 95 टक्के खात्री हवी असेल तर सुमारे 3000 बिया तपासाव्याच लागतात. 300 बिया तपासल्या तर ते रोगट बी सापडण्याची शक्यता जेमतेम 26 टक्के राहते. छोट्या लॉटसाठी कमी नमुन्याची सोय काही नियमांत असते, ती आधी विचारून घ्यावी. पण नमुना वाचवण्यासाठी वेगवेगळ्या शेडनेटचे बी एकत्र मिसळण्याचा मोह टाळावा. एका शेडनेटमध्ये दोष निघाला तर मिसळलेला सगळाच लॉट जातो.

दुसरी बाब, जी माल तयार झाल्यावर कोणालाही दुरुस्त करता येत नाही. काही अतिरिक्त घोषणा ‘उभ्या पिकाची तपासणी केली असता रोगाची लक्षणे आढळली नाहीत’ अशा स्वरूपाच्या असतात. फळे तोडून, बी धुऊन, वाळवून पाकिटात भरल्यावर अधिकाऱ्याला झाड दाखवायचे कुठून? अशी घोषणा लागणार असेल तर पीक उभे असतानाच तपासणीचा अर्ज गेला पाहिजे, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, लावणीची तारीख आणि त्या शेडनेटचा पुढचा लॉट क्रमांक हे सगळे एकाच नोंदवहीत सलग दिसले पाहिजे. या तयारीसाठी रोपे लावण्यापूर्वीचा महिना हाच योग्य काळ आहे. आपले रोप अजून ट्रेमध्ये असेल तर वेळ गेलेली नाही.

इथेच नेदरलँड्सच्या कंपनीला एक प्रश्न आजच विचारा की, हे बियाणे शेवटी कोणत्या देशांत जाणार आहे? आपल्याकडचे बरेचसे भाजीपाला बियाणे तिकडे साफ होऊन, लेप चढवून, पाकिटात भरून तिसऱ्याच देशात जाते, कधी कधी दोन-तीन वर्षांनी. तेव्हा डच अधिकारी पुनर्निर्यातीचे प्रमाणपत्र देतात, पण भारतातल्या शेडनेटमध्ये पीक कसे होते हे त्यांना सांगता येत नाही. ती माहिती मूळ भारतीय फायटोवर असेल तरच पुढे जाते. त्यामुळे त्या तिसऱ्या देशाच्या अटी माहीत असतील तर त्यांच्या घोषणाही आपल्याच प्रमाणपत्रावर घ्याव्या लागतात, आणि त्यासाठीच्या तपासण्या आपल्याच शेतात व्हाव्या लागतात. अनुभवी खरेदीदार ही यादी करारासोबतच देतो. त्याने दिली नसेल तर मागावी.

उगवण क्षमता आणि शुद्धता हा यापासून अगदी वेगळा विषय आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय बियाणे चाचणी संघटनेचे नारिंगी प्रमाणपत्र असते. ते उत्तम असले तरी फायटोच्या जागी चालत नाही. तसेच कीटकनाशकांचे अंश, अफलाटॉक्सिन, मालाची प्रत किंवा बँकेच्या पतपत्राचा (लेटर ऑफ क्रेडिटचा) मजकूर फायटोवर छापून मागू नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही माहिती त्यावर यायची नसते. बँकेला संदर्भ हवाच असेल तर सोबत वेगळी टीप जोडता येते.

कागदाच्या चुकांनी अडलेला माल मी किडीने अडलेल्या मालापेक्षा कमी पाहिलेला नाही. अर्ज आता संचालनालयाच्या संगणकीय प्रणालीवर भरला जातो आणि त्यात आपण जे लिहितो तेच पुढे प्रमाणपत्रावर उमटते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, पिशव्यांची संख्या, खुणा, वजन, कंटेनर आणि सील क्रमांक, प्रवेशाचे बंदर हे सगळे बीजक आणि पॅकिंग लिस्ट यांच्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. बियाण्याच्या एका पार्सलमध्ये लॉट क्रमांकातल्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ अक्षर पडले होते. माल परदेशी विमानतळावर नऊ दिवस पडून राहिला. प्रमाणपत्रावर हाताने खाडाखोड करून चालत नाही. चूक आढळली तर मूळ प्रत परत करून बदली प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि अधिकाऱ्याला ते देण्यापूर्वी कारण तपासावे लागते. म्हणून अर्ज पाठवण्याआधी तो ज्याने भरला त्याच्याखेरीज दुसऱ्या माणसाने बीजकाशेजारी ठेवून मोठ्याने वाचावा. अतिरिक्त घोषणेचे शब्दही आयात करणाऱ्या देशाने दिले आहेत तसेच ठेवावेत, आपल्या समजुतीने सोपे करू नयेत.

आपल्या प्रश्नातील दोन सौद्यांपुरते सांगायचे तर, डाळीसाठी एजंटाला या आठवड्यात ‘बायकॉन’च्या पानाची प्रत, धुरीची मात्रा आणि कंटेनरच्या उपचाराची अट या तीन गोष्टी लेखी मागा आणि बारदानाची ऑर्डर नवीन द्या. बियाण्यासाठी डच कंपनीकडून शेवटच्या देशांची यादी येईपर्यंत करारावर सही करू नका, आणि यादी आली की ती घेऊन मुंबईच्या केंद्रातील किंवा जिल्ह्यातील अधिकृत अधिकाऱ्याला लावणीआधी भेटा. जाताना शेडनेटचा नकाशा आणि सभासदांची नोंदवही सोबत न्या. पहिली विचारणा बहुधा तिचीच होईल.